विमा कंपनीच्या लेखा धोरणांची तीस पानं: त्यातलं काय वाचावं?

प्रश्न असा होता: उत्पादन कंपन्यांचे वार्षिक अहवाल मी नेहमी वाचतो. आता एका मोठ्या विमा कंपनीचा, आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय लेखा मानकांप्रमाणे केलेला अहवाल हातात घेतलाय, पण 'लेखा धोरणे' ही एकच टीप पंचवीस-तीस पानांची आहे. त्यातलं काय वाचायचं आणि काय सोडायचं? शिवाय हीच कंपनी एखाद्या अमेरिकन विमा कंपनीशी ताडून पाहता येईल का?

सगळी टीप ओळीने वाचायला बसू नका, पाचव्या पानावर झोप येईल. विमा कंपन्यांचे आर्थिक अहवाल तयार करणं हेच माझं काम आहे, त्यामुळे ही टीप कशी लिहिली जाते ते मी आतून पाहतो. तिच्यातला बराचसा मजकूर मानकातून उचललेला असतो. मानकाने एखादी गोष्ट सक्तीची केली असेल तर ती प्रत्येक कंपनी तशीच करणार, आणि तो परिच्छेद वाचून तुम्हाला या कंपनीबद्दल काहीही नवं कळणार नाही. कामाच्या ओळी दोनच प्रकारच्या असतात. एक, जिथे मानकाने दोन वाटा दिल्या होत्या आणि कंपनीने त्यातली एक धरली. दुसरी, जिथे नियम मुद्दाम मोकळा ठेवलाय आणि आकडा व्यवस्थापनाच्या अंदाजावर उभा आहे. अहवाल इंग्रजीत असेल तर सरळ पीडीएफमध्ये 'इलेक्ट', 'चॉइस' आणि 'जजमेंट' हे शब्द शोधा. तीस पानांची सहा-सात पानं होतील.

खरं तर ही टीप एवढी लांब असायलाच नको. १ जानेवारी २०२३ पासून आयएएस १ मध्ये (याच संचातलं, अहवालाच्या मांडणीचं मानक) झालेल्या बदलानुसार कंपनीने फक्त महत्त्वाची, म्हणजे वाचणाऱ्याच्या निर्णयावर परिणाम करू शकेल अशी धोरणविषयक माहिती द्यायची आहे. मानकाची पोपटपंची अपेक्षित नाही. पण काही गाळलं आणि उद्या कोणी विचारलं तर, या धास्तीने ना कंपनी परिच्छेद काढते, ना ऑडिटर काढा म्हणतो. मागच्या वर्षीचा मजकूर पुढे सरकतो आणि त्यात भर पडत जाते.

तर लीज, गुडविल, कर्मचाऱ्यांचे निवृत्तिलाभ, परकी चलन ही पानं उलटा. तुम्ही इतर कंपन्यांत ती वाचलेलीच आहेत. थांबायचं ते 'विमा करार' या मथळ्यापाशी.

थोडी पार्श्वभूमी लागेल. विम्यात किंमत आधी ठरते आणि माल केवढ्याला पडला ते नंतर कळतं. आयुर्विम्यात तर तीस-चाळीस वर्षांनी. त्यामुळे कुठल्याही एका वर्षाचा नफा हा पुढच्या कित्येक वर्षांच्या अंदाजांवर अवलंबून असतो. मार्च २००४ मध्ये आलेलं आयएफआरएस ४ हे तात्पुरतं मानक होतं. त्याने कंपन्यांना बहुतांशी आपापल्या देशातली जुनी पद्धत चालू ठेवायची मुभा दिली होती. एकाच समूहाच्या चार देशांतल्या उपकंपन्या चार पद्धतींनी दायित्व मोजत आणि समूहाच्या एकत्रित ताळेबंदात ते सगळं बेरीज होऊन येई. मे २०१७ मध्ये आयएफआरएस १७ जाहीर झालं. ते आधी २०२१ पासून लागू व्हायचं होतं, मग पुढे ढकललं आणि १ जानेवारी २०२३ ला लागू झालं. म्हणून २०२३ च्या आधीचे अहवाल घेऊन दहा वर्षांचा तक्ता मांडायचा विचार असेल तर तो सोडा. ते आकडे एका ओळीत बसत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला सगळ्या टिपेत एकच कल्पना नीट समजून घ्यायची असेल तर ती काँट्रॅक्च्युअल सर्व्हिस मार्जिनची, म्हणजे सीएसएमची घ्या. छोटा हिशेब करू.

तीन वर्षांच्या, एकाच दिवशी सुरू झालेल्या करारांचा एक गट धरा. हप्त्यापोटी सुरुवातीलाच ९०० जमा झाले. दावे आणि खर्च मिळून तीन वर्षांत ६९० जातील असा अंदाज आहे, दरवर्षी २३०. या अंदाजातल्या अनिश्चिततेपोटी ६० बाजूला ठेवले, ते दरवर्षी २० असे मोकळे होतील. याला रिस्क अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. व्याज सध्या हिशेबात धरत नाही. ९०० मधून ६९० आणि ६० गेले, उरले १५०. हा अपेक्षित नफा, पण तो पहिल्याच दिवशी नफा म्हणून दाखवता येत नाही. तो सीएसएम या नावाने दायित्वातच राहतो आणि सेवा दिली जाईल तसा बाहेर येतो, इथे वर्षाला ५०. सगळं अंदाजाबरहुकूम झालं तर पहिल्या वर्षी विमा महसूल २३० अधिक २० अधिक ५० म्हणजे ३००, दावे आणि खर्च २३०, नफा ७०. इथे महसूल म्हणजे जमा झालेला हप्ता नव्हे, हे लक्षात घ्या. ९०० आले ते ताळेबंदात गेले.

आता परिस्थिती बिघडवून पाहू. समजा पहिल्याच वर्षी दावे ३० ने जास्त आले. ते थेट नफ्यातून जातात, नफा ४०. दुसरी शक्यता अशी की पहिलं वर्ष ठरल्याप्रमाणे गेलं, पण वर्षअखेर अ‍ॅक्च्युअरी (विम्यातल्या जोखमींचं गणित मांडणारे तज्ज्ञ) म्हणाले की पुढच्या दोन वर्षांत मिळून ३० जास्त जातील. ते ३० नफ्यातून जात नाहीत. ते सीएसएममधून वजा होतात. १५० चे १२० झाले, यंदाचा वाटा ४०, नफा ६०. उरलेले ८० पुढच्या दोन वर्षांत येतील. वाईट बातमी तेवढीच, ३० चीच. एकीकडे नफा ७० वरून ४० वर आला, दुसरीकडे फक्त ६० वर.

तिसरी शक्यता: पुढचा अंदाज ३० ने नाही, १८० ने वाढला. सीएसएममध्ये १५० च आहेत, ते संपले. वरचे ३० आजच तोटा म्हणून दाखवायचे. रिस्क अ‍ॅडजस्टमेंटचे २० मिळाले, तोटा ३०, एकूण उणे १०. असा गट 'ऑनरस', म्हणजे तोट्यातला ठरतो. करार घेतानाच तोट्यातले दिसत असतील तर तो तोटा पहिल्याच दिवशी. नफा सावकाश आणि तोटा ताबडतोब, असा हा पक्षपात मानकातच आहे, आणि मला तो योग्य वाटतो.

यावरून तुम्हाला टिपेतलं पहिलं ठिकाण मिळतं: कुठला फरक 'झालेल्या सेवेचा' आणि कुठला 'पुढच्या सेवेचा', हे कंपनी कसं ठरवते. बहुतेकदा ते उघड असतं, पण सीमेवरची प्रकरणं निघतात. यंदा हप्ते अपेक्षेपेक्षा कमी जमा झाले, तर ती तूट यंदाच्या संरक्षणाची की पुढच्या? उत्तरावर नफा हलतो.

दुसरं ठिकाण, सीएसएम बाहेर येण्याचा वेग. वरच्या उदाहरणात मी सरळ तीन भाग केले. प्रत्यक्षात 'कव्हरेज युनिट' मोजावी लागतात, म्हणजे त्या वर्षात किती विमासेवा दिली. साध्या मुदत विम्यात विम्याची रक्कम धरली की काम भागतं. पण एकाच करारात मृत्युसंरक्षणही आहे आणि गुंतवणुकीवरचा परतावाही आहे, तर दोघांचं वजन किती? पुढच्या वर्षांची युनिट आजच्या मूल्याला आणायची की नाही? मानक यावर सक्ती करत नाही. युनिट आजच्या मूल्याला आणली की पुढच्या वर्षांचं वजन घटतं आणि नफा थोडा लवकर येतो. हे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि वाचणारे ती ओळ हमखास ओलांडतात.

अहवालात सीएसएमच्या हालचालीचा तक्ता असतो: सुरुवातीची शिल्लक, नवीन करारांमुळे भर, व्याज, अंदाजांतले बदल, नफ्यात गेलेला भाग, अखेरची शिल्लक. नफ्यात गेलेला भाग नवीन करारांच्या भरीपेक्षा वर्षानुवर्षं जास्त असेल तर कंपनी जुनी शिदोरी खातेय. शिवाय ही शिल्लक पुढच्या कुठल्या वर्षांत नफ्यात येईल तेही कालखंडांनुसार द्यावं लागतं. एवढे दोन तक्ते पाहिले तरी व्यवस्थापनाच्या निवेदनातली अर्धी विशेषणं गळून पडतात.

विमाधारकाला गुंतवणुकीच्या लाभात वाटा असणाऱ्या करारांसाठी मोजमापाची पद्धत वेगळी आहे, व्हेरिएबल फी अ‍ॅप्रोच. तिथे मूळ मालमत्तेच्या किमतीतल्या बदलातला कंपनीचा वाटाही सीएसएममध्ये मुरतो, त्यामुळे बाजार पडला तरी त्या वर्षीच्या नफ्याला लगेच धक्का बसत नाही. कंपनीचा किती व्यवसाय या पद्धतीत मोडतो ते बघून ठेवा.

आता व्याजदर. भविष्यातल्या देण्यांचं आजचं मूल्य काढताना दर कुठून आणायचा, याच्या दोन रीती मान्य आहेत. खालून वर जायचं तर जोखीममुक्त दर घेऊन त्यात अतरलतेपोटी, म्हणजे पैसे हवे तेव्हा मोकळे होत नाहीत म्हणून, थोडी भर घालायची. वरून खाली यायचं तर एखाद्या गुंतवणूक संचाचा परतावा घेऊन त्यातून कर्जबुडीच्या जोखमीसारखे विम्याशी संबंध नसलेले घटक वजा करायचे. दोन्हींचं उत्तर एकच यायला हवं अशी अट नाही, आणि येतही नाही. फरक किती पडतो ते पाहा. तीस वर्षांनी द्यायचे १००० आज ३ टक्क्यांनी ४१२ होतात, साडेतीन टक्क्यांनी ३५६. अर्ध्या टक्क्यात दायित्व साडेतेरा टक्क्यांनी हललं. कंपनीने वापरलेल्या दरांची वक्ररेषा टिपांमध्ये द्यावीच लागते. एकाच चलनात व्यवसाय करणाऱ्या दोन कंपन्यांची घ्या आणि वीस-तीस वर्षांचे दर शेजारी ठेवा. जिचा दर चढा आहे तिने तो का चढा धरलाय याचं स्पष्टीकरण धोरणांच्या टिपेत शोधा. सापडलं नाही तर तीही माहितीच आहे.

दर बदलले की दायित्व बदलतं आणि ताळेबंदात ते नेहमी चालू दरानेच येतं, त्यात निवड नाही. निवड आहे ती हा परिणाम दाखवायचा कुठे याची. सगळा नफा-तोट्यात, की त्यातला काही भाग ओसीआयमध्ये, म्हणजे नफ्याच्या ओळीखालच्या इतर सर्वसमावेशक उत्पन्नात. ही निवड करारांच्या एकेका पोर्टफोलिओसाठी करता येते. ती एकटी वाचू नका, सोबत आयएफआरएस ९ खाली, म्हणजे गुंतवणुकीसारख्या वित्तीय साधनांच्या मानकाखाली, रोखे कसे वर्गीकृत केलेत ते वाचा. दायित्वाचा परिणाम ओसीआयमध्ये आणि रोख्यांचाही ओसीआयमध्ये, तर दोन्ही एकमेकांना सावरतात. एक इकडे आणि एक तिकडे असेल तर व्याजदर हलला की नफा उगाच उड्या मारतो आणि मग कंपनी 'समायोजित नफा' नावाचा स्वतःचा आकडा काढून तोच पुढे करते. धोरणांची ही जोडी जुळलेली नसेल तर त्या समायोजनांकडे मी जरा संशयानेच बघतो.

रिस्क अ‍ॅडजस्टमेंटची पद्धत कंपनीने निवडायची, पण ती कितव्या विश्वासपातळीशी जुळते, म्हणजे शंभरातल्या किती शक्यतांत ठेवलेली रक्कम पुरेल, ते जाहीर करायचं असं बंधन आहे. हा एक आकडा शोधाच. एक कंपनी ७५ टक्क्यांवर आणि दुसरी ९० टक्क्यांवर असेल तर दुसरीच्या दायित्वात जास्त गादी आहे. पण निव्वळ मोठा आकडा म्हणजे जास्त सावध असंही नाही. विश्वासपातळी एका वर्षाच्या जोखमीवर काढली की करार संपेपर्यंतच्या, आणि समूहातल्या विविधतेचा फायदा धरला की नाही, हे कळल्याशिवाय तुलना करू नका.

सर्वसाधारण विम्यातले एक वर्षाचे करार सोप्या पद्धतीने मोजता येतात, प्रीमियम अ‍ॅलोकेशन अ‍ॅप्रोच. ही जुन्या अनर्जित हप्त्याच्या, म्हणजे अजून न दिलेल्या संरक्षणापोटीच्या हप्त्याच्या, हिशेबासारखीच आहे. तिथे एक छोटीशी निवड असते: एजंटचं कमिशन वगैरे करार मिळवण्याचा खर्च लगेच खर्ची टाकायचा की संरक्षणकाळावर पसरायचा. लगेच टाकणारी कंपनी जोरात वाढत असेल तर तिचा नफा शेजारणीपेक्षा कमी दिसतो, धंदा तेवढाच चांगला असूनही.

खर्चाच्या बाबतीत आणखी एक. विमा कराराशी 'थेट निगडित' खर्च विमासेवेच्या निकालात येतो, बाकीचा खाली 'इतर खर्चा'त. मुख्य कार्यालयाचा आणि संगणक प्रणालीचा किती भाग थेट निगडित, हे कंपनी ठरवते. कंपन्या अभिमानाने छापतात ते कंबाइंड रेशो (दावे आणि खर्च मिळून महसुलाच्या किती टक्के) यावरच हलतं, आणि त्याची व्याख्या मानकात नाही. कंपनीने ती अहवालाच्या मागच्या बाजूला कुठेतरी दिलेली असते, ती वाचल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना करू नका. पुनर्विम्याचं, म्हणजे विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीचा दुसरीकडे उतरवलेल्या विम्याचं, म्हणाल तर तो वेगळा दाखवावा लागतो. त्याची रक्कम एका ओळीत की दोन ओळींत हा पर्याय आहे, पण त्याने नफा बदलत नाही. सोडून द्या.

आयुर्विमा कंपनी असेल तर संक्रमणाचा परिच्छेद मात्र सोडू नका. २०२३ मध्ये नव्या मानकावर जाताना वीस-तीस वर्षांपूर्वीच्या करारांचा सीएसएम काढायचा होता. जुनी माहिती असेल तर पूर्ण मागे जाऊन, ते जमत नसेल तर काही सवलती घेऊन किंवा थेट रास्त मूल्यावरून, म्हणजे ते करार बाजारात दुसऱ्याकडे सोपवायला किती पडेल त्यावरून. निवडलेल्या पद्धतीप्रमाणे सीएसएम कमीजास्त निघाला. तो कमी निघाला तिथे भागधारकांचा निधी त्या दिवशी फुगलेला दिसला आणि पुढच्या वर्षांचा नफा आटला. जास्त निघाला तिथे उलट. आज दिसणाऱ्या नफ्याचा बराच भाग त्या एका दिवसाच्या निवडीतून झिरपत असतो. म्हणूनच संक्रमणाच्या वेळचे करार सीएसएमच्या तक्त्यात वेगळे दाखवायला लावलेत. कंपनी युरोपीय संघातली असेल तर वार्षिक गटांची सवलत घेतली आहे का तेही पाहा. मूळ मानकात एका वर्षापेक्षा जास्त अंतराने घेतलेले करार एका गटात घालता येत नाहीत. संघाने काही प्रकारच्या करारांना यातून सूट घेण्याचा पर्याय ठेवलाय.

एक सवय लावून घ्या. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून हीच पानं ताडून पाहा. लेखा धोरण बदललं तर आयएएस ८ या मानकाप्रमाणे मागचे आकडेही नव्याने मांडावे लागतात आणि ते का बदललं ते सांगावं लागतं, त्यामुळे कंपन्या ते सहसा करत नाहीत. अंदाज बदलला तर फक्त आजपासून पुढे. व्याजदर काढायची रीत 'सुधारली', मृत्युदराचं गृहीतक 'अद्ययावत केलं', असली वाक्यं अंदाजबदलात मोडतात आणि गाजावाजा न होता नफ्यावर परिणाम करून जातात.

तुमचा दुसरा प्रश्न. अमेरिकन कंपनीशी नफ्याची ओळ ताडून पाहू नका. तिथल्या दीर्घ मुदतीच्या करारांचे नियमही बदललेत आणि मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना तेही २०२३ पासूनच लागू झाले. आता तिथे रोख प्रवाहांची गृहीतकं वर्षातून किमान एकदा तपासावी लागतात, व्याजदर वरच्या-मध्यम दर्जाच्या, म्हणजे साधारण 'ए' श्रेणीच्या रोख्यांवरून घ्यावा लागतो आणि दरातल्या बदलाचा परिणाम ओसीआयमध्येच जातो, निवडीला जागा नाही. पण सीएसएम ही चीज तिथे नाही, त्यामुळे नफा येण्याचा क्रमच निराळा. सर्वसाधारण विम्यात आयएफआरएस १७ खाली घडलेल्या पण अजून न चुकवलेल्या दाव्यांचं आजचं मूल्य काढतात, अमेरिकेत बहुतेक दाव्यांचं काढत नाहीत. तरी एक तक्ता दोन्हीकडे असतो: वर्षवार दाव्यांचा विकास, म्हणजे अमुक वर्षाच्या दाव्यांचा पहिला अंदाज काय होता आणि पुढे दरवर्षी तो कुठे सरकला. दोन्हीकडे दहा वर्षांपर्यंतचा, आणि दोन्हीकडे रकमा आजच्या मूल्याला न आणता. पुनर्विमा वजा करून आहे की नाही तेवढं पाहून घ्या, आणि मग कोणाचे अंदाज दरवर्षी वर सरकतायत ते शोधा.